फाईलला कुलूप कोणी लावलं?

सबमिशन उद्यावर आलेलं असतं. ग्रुपमधल्या चौघांचा रिपोर्ट सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये असतो. फाईल उघडायला जावं तर पडद्यावर संदेश येतो, ही फाईल दुसरं कोणीतरी वापरत आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोणी म्हणतं व्हायरस आहे, कोणी म्हणतं सर्व्हर हँग झाला, कोणी काही न बोलता मशीन रीस्टार्ट करतं. मग एखादा हुशार गडी फोल्डरमध्ये दिसणारी विचित्र नावाची छोटीशी फाईल डिलीट करून टाकतो. रिपोर्ट उघडतो, सगळे खूश! दुसऱ्या दिवशी प्रिंट काढताना मात्र कळतं, की तिसऱ्या चॅप्टरमधलं एकाचं अख्ख्या रात्रीचं काम गायब आहे.

हा लेख त्या कुलपाबद्दल, म्हणजे फाईल लॉकबद्दल आहे. ते का लागतं, नेटवर्कवर कधी अडकतं आणि अडकलं तर काय करायचं, एवढंच सांगायचं आहे. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे लॉकला मी लॉकच म्हणणार. मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं.

लॉक लागतंच कशाला?

मी अर्धापूरची. आमच्याकडे केळीचा मोठा व्यवहार चालतो, म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. समजा, एका व्यापाऱ्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. एक वजनकाट्याजवळ, दुसरा आत गादीवर. दोन्हीकडून एकच एक्सेल शीट उघडते आणि ती ठेवलेली असते तिसऱ्या मशीनवर. एका शेतकऱ्याचे व्यापाऱ्याकडे ४०,००० रुपये येणे आहेत. काट्यावरचा मुलगा शीट उघडतो, नवीन मालाचे २२,००० जोडतो, त्याच्या पडद्यावर ६२,००० होतात. त्याच वेळी आत मुनीमजींनीही शीट उघडलेली आहे. शेतकऱ्याने १५,००० उचल घेतली म्हणून ते वजा करतात, त्यांच्या पडद्यावर २५,००० होतात. मग दोघंही सेव्ह करतात.

खरा आकडा ४७,००० हवा. पण शीटमध्ये राहतो तो शेवटी सेव्ह करणाऱ्याचा, म्हणजे ६२,००० किंवा २५,०००. पहिल्यात व्यापारी १५,००० ला बुडतो, दुसऱ्यात शेतकरी २२,००० ला. गंमत म्हणजे कुठेही एरर आलेला नाही. दोन्ही मशीन बरोबर चालल्या, दोन्ही माणसांनी बरोबर बेरीज-वजाबाकी केली. चुकलं एवढंच, की दोघं एकाच वेळी आत होते.

हे होऊ नये म्हणून लॉक. पहिल्याचं काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. लॉकचा संदेश बघून आपल्याला राग येतो, पण बहुतेक वेळा तो कोणाचे तरी २२,००० रुपये वाचवत असतो.

रेल्वेचा गोळा

घरातल्या मोठ्या माणसांना, विशेषतः कोणी रेल्वेत असेल तर, टोकनचा गोळा आठवत असेल. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं ही पद्धत होती. दोन स्टेशनांवर विजेने जोडलेली दोन यंत्रं असायची. दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर काढता यायचा. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी त्या मार्गावर जाणार. पुढच्या स्टेशनवर गोळा यंत्रात परत टाकला, की मगच दुसरा निघणार.

फाईल लॉक म्हणजे हाच गोळा. आणि यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

एक, गोळा म्हणजे फाटक नव्हे. गोळा नसतानाही इंजिन रुळावरून जाऊ शकतं. ते जात नाही, कारण सगळे ड्रायव्हर नियम पाळतात. लिनक्स-युनिक्समधलं नेहमीचं लॉक असंच असतं, त्याला अॅडव्हायझरी लॉक म्हणतात. जो प्रोग्राम लॉक आहे का असं विचारतच नाही, तो खुशाल फाईलवर लिहू शकतो. विंडोजची पद्धत जास्त कडक आहे. फाईल उघडतानाच प्रोग्राम सांगतो, की माझं काम चालू असताना इतरांनी लिहायचं की नाही, आणि सिस्टिम ते सगळ्यांना पाळायला लावते.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर गोळा घेऊन कुठे अडकला, तर दोन्ही स्टेशनं बंद पडतात. गाडी नाही, पण मार्गही मोकळा नाही. नेटवर्कवर ‘लॉक अडकलं’ म्हणजे नेमकं हेच.

एका मशीनवर सोपं, नेटवर्कवर अवघड

एकाच मशीनवर लॉकचा हिशेब कर्नल ठेवतो. कोणत्या प्रोसेसने कोणत्या फाईलचा कोणता भाग धरला आहे, याची यादी त्याच्याकडे असते. प्रोसेस क्रॅश झाली तर कर्नलला लगेच कळतं आणि तो लॉक सोडून देतो.

नेटवर्कवर प्रोसेस एका मशीनवर आणि फाईल दुसऱ्या मशीनवर. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिम तयार केली. त्यात एक सुंदर कल्पना होती. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. क्लायंटने मागितलं की द्यायचं आणि विसरून जायचं. याला स्टेटलेस म्हणतात. सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला, तरी क्लायंट आपली मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं.

पण लॉक म्हणजे मुळात लक्षात ठेवणंच! जो सर्व्हर काही आठवत नाही, तो लॉक कसं सांभाळणार? म्हणून लॉकसाठी बाजूला वेगळे दोन मदतनीस ठेवले गेले. एक लॉक-डी, जो लॉक देतो-घेतो. दुसरा स्टॅट-डी, जो कोणकोणत्या मशीनशी लॉकचा व्यवहार चालू आहे त्यांची नावं डिस्कवर लिहून ठेवतो. मशीन रीस्टार्ट झाली, की त्या यादीतल्या सगळ्यांना निरोप जातो, ‘मी बंद पडलो होतो, आता परत आलो.’ सर्व्हर परत आला असेल तर क्लायंट आपली जुनी लॉक पुन्हा मागून घेतात. क्लायंट परत आला असेल तर सर्व्हर त्याची जुनी लॉक सोडून देतो.

१९८९ मध्ये ज्याचं स्पेसिफिकेशन आलं ती आवृत्ती २ आणि १९९५ ची आवृत्ती ३, दोन्हींची व्यवस्था अशीच आहे. निरोप पोचला तर सगळं ठीक. नाही पोचला तर गोंधळ.

लाईट गेली की काय होतं?

२००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या लोकांना भारनियमनामुळे चांगली लक्षात आहेत. आजही वादळ-पावसात लाईट जातेच. अशा वेळी सर्व्हर असतो यूपीएसवर आणि बाकीच्या मशीन थेट मेन्सवर. लाईट गेली, की क्लायंट जागेवर मरतो आणि सर्व्हर जिवंत राहतो. सर्व्हरच्या दृष्टीने लॉक अजून त्याच क्लायंटकडे आहे, तो फक्त काही बोलत नाही.

लाईट आल्यावर क्लायंट चालू झाला आणि त्याचा निरोप सर्व्हरला पोचला, तर जुनं लॉक सुटतं. पण त्या मशीनचा पॉवर सप्लाय उडाला असेल, किंवा वैतागून आपण दुसऱ्याच मशीनवर जाऊन बसलो असू, तर निरोप येणार कुठून? आवृत्ती ३ मध्ये लॉकला मुदतच नसते. सर्व्हर वाट बघत बसतो. आठवडाभर ठेवलात तर आठवडाभर.

हा अनुभव घेऊनच आवृत्ती ४ मध्ये पद्धत बदलली. तिचं पहिलं स्पेसिफिकेशन २००० साली आणि सुधारित २००३ साली आलं. इथे लॉक बाजूच्या मदतनीसांकडे नसून मूळ प्रोटोकॉलमध्येच आहे, आणि ते भाडेकरारासारखं मिळतं. त्याला लीज म्हणतात. क्लायंटने ठरावीक वेळात ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत साधारणपणे ९० सेकंद ठेवलेली असते. मुदत संपली आणि क्लायंटचा पत्ता नाही, तर सर्व्हर ते लॉक दुसऱ्याला देऊ शकतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. आवृत्ती ४ चा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर सुरुवातीला काही वेळ फक्त जुन्या लोकांना त्यांची जुनी लॉक परत देतो, नवीन कोणालाच देत नाही. याला ग्रेस पीरियड म्हणतात आणि तोही साधारणपणे ९० सेकंदांचा असतो. म्हणून सर्व्हर चालू झाल्या झाल्या लॉक मिळत नसेल, तर पुन्हा रीस्टार्ट करू नका. मोजणी परत पहिल्यापासून सुरू होईल. दीड मिनिट थांबा, तेवढ्यात चहाचा कप धुऊन होतो.

साठ मशीन, नाव एकच

कॉलेजच्या लॅबमध्ये दिसणारा एक खास आजार आहे. साठ मशीनवर साठ वेळा लिनक्स टाकायला वेळ कोणाला असतो? एक मशीन नीट तयार करायची आणि तिची इमेज बाकीच्यांवर उतरवायची. चांगली पद्धत आहे, पण होस्टनेमही तसंच उतरतं. साठही मशीनचं नाव ‘लोकलहोस्ट’.

आता आवृत्ती ४.१ चा लिनक्स क्लायंट सर्व्हरला आपली ओळख देतो, ती मुख्यतः या होस्टनेमवरून. पहिली मशीन आली, ‘मी लोकलहोस्ट.’ सर्व्हरने नोंद घेतली. थोड्या वेळाने दुसरी आली, ‘मी लोकलहोस्ट.’ सर्व्हरला वाटतं पहिलीच मशीन रीस्टार्ट होऊन परत आली, म्हणून तो पहिलीची सगळी लॉक काढून टाकतो. पहिल्या मशीनवरच्या पोराला काही कळत नाही. एकटा बसला तर सगळं व्यवस्थित, बॅच भरली की गडबड. असं लक्षण दिसलं तर सगळ्यात आधी होस्टनेम बघा. प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्या, किंवा एनएफएस मॉड्यूलमध्ये प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा युनिक आयडी ठेवायची सोय आहे ती वापरा.

आवृत्ती ३ मध्येही नावाचा घोळ महागात पडतो, कारण स्टॅट-डीचा निरोप नावावरच चालतो. मशीन स्वतःला एक नाव सांगते आणि सर्व्हरच्या यादीत दुसरं असलं, तर निरोप पोचूनही सर्व्हर म्हणतो, हे कोण?

शोध कसा घ्यायचा?

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग. क्रम मात्र हाच ठेवा.

१) संदेश शब्दशः वाचा आणि लिहून घ्या. ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ आलं तर व्यवस्था ठीक आहे, लॉक खरंच दुसऱ्याकडे आहे. ‘नो लॉक्स अव्हेलेबल’ आलं तर लॉक देणारी व्यवस्थाच बिघडली आहे. बहुतेक वेळा स्टॅट-डी चालू नसतो किंवा सर्व्हरच्या लॉक-डीपर्यंत पोचता येत नाही. काहीच न येता प्रोग्राम नुसता थांबून राहिला, तर नेटवर्क किंवा फायरवॉलकडे बघा. ‘स्टेल फाईल हँडल’ आलं तर तो लॉकचा प्रश्नच नाही. तुम्ही धरलेली फाईल सर्व्हरवरून उडाली किंवा शेअर बदललं आहे.

२) कोणती आवृत्ती चालू आहे ते बघा. क्लायंटवर ‘एनएफएस-स्टॅट’ ही कमांड ‘एम’ ऑप्शनने चालवली, की प्रत्येक माऊंटची आवृत्ती आणि ऑप्शन दिसतात. आवृत्ती ३ आणि ४ चे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

३) लॉक कोणाकडे आहे ते शोधा. लिनक्सवर ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘लॉक्स’ या फाईलमध्ये सगळी यादी असते. तिथे फाईलचं नाव नसतं, आयनोड नंबर असतो. ‘एलएस’ला ‘आय’ ऑप्शन देऊन आपल्या फाईलचा नंबर काढा आणि जुळवा. ‘एलएस-लॉक्स’ ही कमांड हेच जरा वाचता येईल असं दाखवते. पण आवृत्ती ३ च्या सर्व्हरवर मालक म्हणून लॉक-डीच दिसतो, खरा माणूस नाही. खरी प्रोसेस सापडते ती क्लायंटवर. तिथे ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ चालवा. आवृत्ती ४ साठी २०१९ मध्ये आलेल्या ५.३ कर्नलपासून सर्व्हरच्या ‘प्रॉक’मध्ये ‘एनएफएसडी’खाली ‘क्लायंट्स’ नावाचं फोल्डर मिळतं. त्यात प्रत्येक क्लायंटचा पत्ता आणि त्याने उघडलेल्या फाईली दिसतात.

४) मदतनीस जागे आहेत का ते बघा. ‘आरपीसी-इन्फो’ला ‘पी’ ऑप्शन आणि सर्व्हरचं नाव द्या. यादीत ‘एनलॉकमॅनेजर’ आणि ‘स्टेटस’ ही नावं दिसली पाहिजेत. सर्व्हरवर दिसतात पण क्लायंटवरून दिसत नाहीत, तर मध्ये फायरवॉल आहे. आवृत्ती ४ ला एकटं २०४९ पोर्ट पुरतं. आवृत्ती ३ ला १११ लागतं आणि लॉक-डी, स्टॅट-डी यांची पोर्ट वेगळी, ती दर वेळी बदलूही शकतात. ती कॉन्फिगरेशनमध्ये कायमची ठरवून फायरवॉलमध्ये उघडा, दोन्ही बाजूंना. कारण लॉक मोकळं झाल्याचा निरोप सर्व्हरकडून क्लायंटकडे येतो.

५) विंडोज शेअर असेल तर सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यात ‘ओपन फाईल्स’ उघडा. कोणत्या युजरने कोणती फाईल उघडली आहे ते सरळ दिसतं. सर्व्हर लिनक्सवरचा सांबा असेल तर ‘एसएमबी-स्टेटस’ हीच माहिती देतं.

६) छोट्या फाईलच्या आत बघा. लिबर ऑफिस फाईल उघडतं, तेव्हा शेजारी ‘लॉक’ शब्द असलेली एक लपलेली फाईल तयार करतं. तिच्यात युजरचं नाव, मशीनचं नाव आणि वेळ लिहिलेली असते. फायरफॉक्सही लिनक्सवर आपल्या प्रोफाईलमध्ये मशीनचा पत्ता आणि प्रोसेस नंबर ठेवतो. म्हणून एका मशीनवर फायरफॉक्स चालू ठेवून दुसरीकडे लॉगिन केलं, की तो आधीच चालू असल्याचं सांगतो. डिलीट करण्याआधी ही फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचायला किती वेळ लागतो?

७) आता त्या माणसाला फोन करा. हसू नका, ही पायरी सगळ्यात जास्त प्रश्न सोडवते. ‘मी लॅपटॉप बंद न करता मेसला आलोय’ हे उत्तर कोणतीच कमांड देत नाही.

८) धरणारा खरंच गेला आहे अशी खात्री झाली, तर आधी मूळ फाईलची कॉपी काढा आणि मगच लॉक सोडवा. प्रोसेस जिवंत असेल तर ती नीट बंद करा. विंडोजवर त्याच ‘ओपन फाईल्स’मधून ती फाईल बंद करता येते. आवृत्ती ४ च्या नव्या सर्व्हरवर त्या क्लायंटच्या कंट्रोल फाईलमध्ये ‘एक्स्पायर’ असं लिहिलं, की त्या एकट्याचीच लॉक जातात. पूर्ण सर्व्हर रीस्टार्ट करणं अगदी शेवटचा उपाय.

शॉर्टकट, जे घेऊ नयेत

पहिला शॉर्टकट म्हणजे ‘नोलॉक’ ऑप्शन देऊन माऊंट करणं. लगेच सगळे एरर थांबतात. पण त्याचा अर्थ असा, की आता लॉक त्या मशीनपुरतंच राहिलं, शेजारच्या मशीनला ते दिसतच नाही. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला घरून स्वतःचा गोळा आणायला सांगितल्यासारखं झालं. केळीवाल्या शीटचं उदाहरण परत वाचा. तिथेही एकही एरर नव्हता.

दुसरा, एसक्यूलाईटचा किंवा अॅक्सेसचा डेटाबेस सरळ शेअर्ड फोल्डरमध्ये टाकणं. मिनी प्रोजेक्टला हे फार मोहात पाडतं. एसक्यूलाईटच्या निर्मात्यांनीच बजावलं आहे, की नेटवर्क फाईल सिस्टिमवरच्या लॉकवर विसंबू नका, डेटाबेस खराब होऊ शकतो. त्याचा ‘वॉल’ मोड तर नेटवर्कवर चालतच नाही, कारण त्याला एकाच मशीनची शेअर्ड मेमरी लागते. एकापेक्षा जास्त मशीन लिहिणार असतील तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस वापरा. तिथे फाईलला हात फक्त सर्व्हर लावतो. अॅक्सेस वापरणं भागच असेल, तर सगळ्यांना त्या फोल्डरमध्ये फाईल तयार करायची आणि डिलीट करायची परवानगी द्या, नाहीतर त्याची लॉक फाईल बनत नाही आणि सगळ्यांना एकत्र काम करता येत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दोन ओळी. लिनक्समध्ये ‘एफ-लॉक’ आणि ‘एफ-कंट्रोल’ अशी दोन प्रकारची लॉक आहेत. २००५ च्या २.६.१२ कर्नलआधी एफ-लॉक एनएफएसवर दुसऱ्या मशीनला दिसतच नसे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला कोड तपासून घ्या. आणि एफ-कंट्रोल लॉकची एक खोड आहे. तीच फाईल तुमच्या प्रोसेसमध्ये दुसरीकडे उघडून बंद केलीत, तरी पहिलं लॉकही सुटतं. लायब्ररी फंक्शन गुपचूप असं करतं आणि आपण रात्रभर बग शोधत बसतो.

शेवटी

लॉक फाईलला चिकटलेलं नसतं. ते दोन मशीनमधलं आपसातलं बोलणं असतं. ‘मी धरलंय’ असं एकाने म्हणायचं आणि ‘मला माहीत आहे’ असं दुसऱ्याने. वर सांगितलेले सगळे बिघाड म्हणजे या दोघांपैकी कोणी तरी विसरलं, कोणाचा निरोप पोचला नाही, किंवा कोणी स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं. म्हणून दुरुस्ती करताना प्रश्न एकच विचारायचा. कोणाला काय आठवतंय?

गोळा परत आला नाही म्हणून कोणताही स्टेशन मास्तर यंत्र फोडून पुढची गाडी सोडत नसे. तो आधी पुढच्या स्टेशनला फोन करून गाडी कुठे आहे ते विचारायचा. आपल्या सर्व्हरवर कोणाचा प्रोजेक्ट असतो, कोणाचे मार्क असतात, ऑफिसमध्ये कोणाच्या फीचा हिशेब असतो. तिथेही तेवढी चौकशी करायला काय हरकत आहे? बहुतेक वेळा पाच मिनिटं लागतात, आणि तो माणूस शेजारच्याच खोलीत सापडतो.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी